माळ्यावरचं यजमानपण

दिल्लीतल्या आर. के. पुरम या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या बहुतेकांचं घर स्वतःचं नसतं. ते ‘मिळालेलं’ असतं. टाइप टू मिळालं, टाइप फोर मिळालं, सेक्टर सात मागितला होता पण बारा मिळाला. खिळा आपण ठोकतो, पण नळ गळला तर ‘इन्क्वायरी’त जाऊन तक्रार लिहावी लागते. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, देखभाल कार्यालयाला या वसाहतीत सगळे इन्क्वायरीच म्हणतात. बदली झाली किंवा नोकरी संपली, की ठरलेल्या मुदतीत किल्ली परत. पाटीवरचं नाव आपलं, दार सरकारचं.

अशा एका दाराच्या आत, स्वयंपाकघराबाहेरच्या माळ्यावर, २०२१ च्या जूनमध्ये मी एक छोटा संगणक ठेवला आणि त्याला घरचा सर्व्हर म्हणायला लागले. घरातले फोटो, कागदपत्रं, मिरजेच्या आईसाठी जुनी नाट्यपदं आणि आम्हा सगळ्यांची सामायिक दिनदर्शिका, हे सगळं परक्या कंपनीच्या गोदामात न ठेवता आपल्या माळ्यावर ठेवायचं आणि जगात कुठूनही उघडायचं, एवढीच इच्छा होती. या पुस्तकात पुढे येतं ते त्या इच्छेचं काय झालं त्याचं टिपण. प्रस्तावनेत मला फक्त एवढंच सांगायचं आहे, की हे काम अवघड का आहे. कारण ते ज्या कारणासाठी अवघड वाटतं, त्यासाठी ते अवघड नाही.

आधी जूनचं कारण. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली फुकट, अमर्याद साठवण बंद झाली. पंधरा जीबीची वेस आली, तीही ईमेलसकट. आमच्या घरात तेव्हा तीनशे जीबी फोटो होते. त्यात बाबांचे शेवटच्या दोन वर्षांतले, कुठेच छापून न घेतलेले फोटो. पैसे भरून जागा घेता आली असती, महागही नव्हती. पण ऑर्कुट मी पाहिलेलं होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते मिटलं तेव्हा माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींनी लिहिलेलं काय काय त्याच्याबरोबर गेलं. उतरवून घ्यायला मुदत होती, नाही असं नाही. मीच घेतलं नाही. दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेली ट्रंक वाडा पाडायच्या आधी उचलायची असते, हे तेव्हा कळलं नव्हतं.

तर मेट्रोने नेहरू प्लेस गाठलं. आर. के. पुरमहून मॅजेन्टा लाइनवर नेहरू एन्क्लेव्ह हे सहावं स्टेशन. तिथून कुठल्याशा कार्यालयातून निघालेला, तळहाताएवढ्या जाडीचा एक जुना मिनी पीसी आणला. दुकानदाराने विचारलं, “मैडम, टैली चलाना है?” मी हो म्हटलं. सर्व्हर म्हटलं असतं तर त्याने दुसऱ्या मजल्यावर पाठवलं असतं आणि किंमत तिप्पट झाली असती.

मांडणीला दोन संध्याकाळी लागल्या. इतकी सोपी गोष्ट आहे ती आता. लिनक्स घालायचं, डॉकर घालायचं, नेक्स्टक्लाउड किंवा तसलं काही उतरवायचं, चार ओळी बदलायच्या. फोटोंसाठी पुढे मी इमिच वापरायला लागले. ते चांगलंच आहे, मात्र ‘तुमच्या फोटोंची ही एकमेव जागा ठेवू नका’ असं त्याचे कर्ते स्वतःच कितीतरी दिवस बजावत होते, ते मला आवडलं. तिसऱ्या दिवशी घरच्या वाय-फायवर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये बाबांचे फोटो दिसायला लागले. यांनी मान हलवली, म्हणजे पसंत होतं. मग मी मिरजेला फोन लावला. आईने पत्ता टाइप केला, बराच वेळ गोल गोल फिरलं, आणि ती म्हणाली, “अगं, उघडत नाही. तुझं घर बंद आहे का?”

घर उघडं होतं. पत्ता आमचा नव्हता.

हा मुद्दा नीट सांगायला हवा, कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं आणि दोष आपलाच आहे असं त्यांना वाटत राहतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते जगात मिळून साधारण ४२९ कोटी. त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला पाच विभागीय संस्थांना वाटून झाले आणि मध्यवर्ती कोठार रिकामं झालं. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा त्याच एप्रिलमध्ये तळाला गेला. आपल्याकडे घरोघरी स्वस्त इंटरनेट आलं ते त्यानंतर. जिओ सुरू झालं सप्टेंबर २०१६ मध्ये. पंगत वाढली तेव्हा पत्रावळी संपलेल्या होत्या.

मग कंपन्यांनी काय केलं? शेकडो घरांना मिळून एक पत्ता दिला. यालाच कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. सरकारी कचेरीत काम केलेल्याला ते एका वाक्यात कळेल: मध्ये एक आवक-जावक विभाग बसवलेला आहे. आतून कागद बाहेर गेला की जावक नोंद होते, आणि त्या जावक क्रमांकाचं उत्तर आलं की ते बरोबर त्या टेबलावर पोचतं. म्हणून आपण बातम्या वाचू शकतो, सिनेमे पाहू शकतो. ती सगळी आपण पाठवलेल्या पत्रांची उत्तरं असतात. पण बाहेरच्या माणसाने स्वतःहून पत्र पाठवलं तर? पाकिटावर फक्त इमारतीचा पत्ता. जावक क्रमांक नाही. कारकून ते उघडतही नाही. माझ्या आईचं पाकीट असंच परत गेलं होतं.

आपण या रांगेत आहोत का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ पाहायचा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण आवक-जावकच्या आत आहोत. ही बेचाळीस लाखांची पट्टी एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. माझा शंभरने सुरू होत होता. त्याआधी तीन रात्री मी राउटरमध्ये दारं, म्हणजे पोर्ट, उघडत बसले होते: ८०, ४४३, पुन्हा ८०. अंगणाचं फाटक बंद असताना आतल्या खोल्यांच्या कड्या काढण्यासारखं ते होतं.

कंपनीला फोन केला. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, दुसऱ्या कंपनीतही मला हेच ऐकायला मिळालं असतं. पहिल्या मुलाने राउटर बंद-चालू करायला सांगितलं. दुसऱ्या मुलीने “आपका नेट तो चल रहा है ना?” असं विचारलं, आणि तिच्या जागी मीही तेच विचारलं असतं. तिसऱ्याला ‘कॅरियर ग्रेड नॅट’ हा शब्द माहीत होता. तो म्हणाला, स्थिर पत्ता मिळेल, पण तो व्यावसायिक जोडणीवर. जीएसटी क्रमांक आहे का? सरकारी क्वार्टरमध्ये व्यवसाय करता येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

याच पत्त्याच्या टंचाईवर उतारा म्हणून आयपीव्ही६ आलं, आणि त्यात भारत मागे नाही. उलट जगात पुढच्या देशांत आहे. पत्ते इतके की वाळूच्या कणाला एकेक द्यावा. मला वाटलं, सुटले. तर माझ्या राउटरला तो पत्ता मिळत होता, पण वीज जाऊन आली की बदलत होता. आणि मिरजेत आईच्या घरच्या जोडणीला तो मिळतच नव्हता. इकडे नवा दरवाजा, तिकडे पोचायला रस्ता नाही. शेवटी जे सगळे करतात तेच मी केलं: मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये महिन्याला काही शे रुपयांवर एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला. माझं यंत्र आतून त्याच्याकडे वायरगार्डचा बोगदा उघडून धरतं, म्हणजे सतत एक जावक पत्र पाठवून ठेवतं, आणि आईचं पाकीट त्या मार्गाने आत येतं. स्वतःच्या घरात स्वतःचं सामान ठेवायला मी भाडेकरू झाले. त्यातही एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने असे सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा ओळखपत्रांची आणखी एक फेरी झाली. माझी त्याला हरकत नाही. पण ‘आपलं आपण’ या शब्दांतली हवा तिथे बरीच गेली.

पत्त्याची गोष्ट मी इतकी लांबवली, कारण पुस्तकात तिला एकच प्रकरण आहे आणि वाचकांचे निम्मे प्रश्न तिथलेच असतात. बाकीच्या अडचणी भराभर सांगते.

वीज. माझं यंत्र सरासरी पंधरा वॉट खातं. महिन्याला अकरा युनिट. काहीच नाही, असं वाटेल. पण दिल्लीत दोनशे युनिटपर्यंत बिल शून्य आणि पुढे नाही, त्यामुळे थंडीत, कूलर-पंखे बंद असताना, हे अकरा युनिट एकशे पंच्याण्णवला दोनशे सहा करतात. डिसेंबरच्या बिलावरून घरात झालेली चर्चा मी इथे देत नाही. उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. १९ जून २०२४ ला दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली, तोवरचा उच्चांक. त्या आठवड्यात आमचा माळा इतका तापला होता की वर ठेवलेल्या पापडाच्या डब्याला हात लावायची सोय नव्हती. डिस्कचं तापमान साठ अंशांपलीकडे गेलं. मग सर्व्हर माळ्यावरून उतरून बेडरूममध्ये, कूलरच्या वाऱ्यात आला. कूलरची हवा दमट, आणि दमट हवेत मे महिन्यातल्या वादळाची बारीक धूळ: पंख्याच्या पात्यांवर शेवाळासारखा थर. जुन्या दाढीच्या ब्रशने तो काढायचा असतो. हे मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नाही.

माकडं. फायबरची तार आमच्याकडे खांबावरून कडुनिंबावर आणि कडुनिंबावरून गच्चीवर येते. यापुढे काही लिहायची गरज नाही.

प्रमाणपत्रं. पत्त्याशेजारचं ते कुलूप. लेट्स एन्क्रिप्टमुळे ते फुकट मिळतं, पण नव्वद दिवसांचं असतं आणि आपोआप नवं व्हायला लागतं. ‘आपोआप’ या शब्दावर माझा विश्वास होता तोवर ठीक चाललं होतं. एका दिवाळीत आम्ही सगळे मिरजेला असताना ते झालं नाही. आईच्या मोबाइलवर लाल पान: हे ठिकाण सुरक्षित नाही. चुलतभावंडं भोवती जमलेली, कौतुकाने बाबांचे फोटो दाखवायचे होते. मी फराळाच्या ताटासमोर बसून पंधराशे किलोमीटरवरच्या यंत्राशी मोबाइलवरून बोलत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. आता तर या प्रमाणपत्रांची मुदत टप्प्याटप्प्याने उतरवत २०२९ च्या मार्चपासून जास्तीत जास्त ४७ दिवस करायचं ठरलं आहे. मोठ्या कंपन्यांना त्याने फरक पडत नाही.

ईमेल घरी ठेवू नका. याला पुस्तकात प्रकरण नाही, ते मुद्दाम. घरगुती जोडणीवरून पत्र पाठवायचं २५ क्रमांकाचं दार कंपन्या बहुधा बंदच ठेवतात. ते उघडं मिळालं तरी घरगुती पत्त्यांवरून आलेली पत्रं समोरचे लोक न वाचता कचऱ्यात टाकतात. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचं ईमेल एनआयसीच्या, म्हणजे सरकारच्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, स्वतःच्या व्यवस्थेतून झोहोच्या व्यवस्थेवर नेण्यात आलं. एनआयसीची स्थापना १९७६ ची; तिच्या पदरी इतकी माणसं असूनही जिथे हे दुसऱ्याच्या व्यवस्थेवर न्यावंसं वाटलं, तिथे माळ्यावरच्या माझ्या डब्याने कशाला हात घालायचा?

आणि चोर. पहिल्या वर्षी, भाड्याच्या सर्व्हरवर दूरस्थ प्रवेशाचं दार मी एक रात्र उघडं ठेवलं होतं. सकाळी नोंदवही उघडली तर हजारो ओळी: root, admin, ubuntu, pi अशा नावांनी कोणी ना कोणी, दर दोन-तीन सेकंदांनी, कडी वाजवून पाहत होतं. ती माणसं नव्हती. सगळ्या जगाच्या कड्या वाजवत फिरणारी यंत्रं होती. त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. घरी ठेवलं म्हणजे सुरक्षित, हा समज माझा तिथे गेला. उरलासुरला २३ नोव्हेंबर २०२२ ला गेला. आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर असलेल्या एम्सचे सर्व्हर त्या सकाळी कुणीतरी कुलूपबंद केले. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती. बाह्यरुग्ण विभागाचं काम जवळपास दोन आठवडे हाताने, कागदावर चाललं. सरकारने संसदेत सांगितलेलं कारण वाचलं तेव्हा मी थबकले: अंतर्गत जाळ्याची विभागणी नीट नव्हती. म्हणजे एका खोलीत शिरलेल्याला सगळं घर मोकळं. त्या संध्याकाळी मी आमच्या टीव्हीचं आणि सर्व्हरचं जाळं वेगळं केलं.

एवढं वाचून एखाद्याला वाटेल, की बाई पुस्तक विकायला बसली आहे की परतवायला. खरं सांगायचं तर यातली प्रत्येक अडचण तांत्रिक आहे आणि प्रत्येकीला उपाय आहे; पुढची नऊ प्रकरणं त्याचीच. मला अवघड गेलं ते दुसरंच.

आमच्याच वसाहतीत, सेक्टर एकच्या वेस्ट ब्लॉक सातमध्ये, वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचं कार्यालय वर्षानुवर्षं आहे. आयोग १९६१ चा. त्या इमारतीवरून जाताना माझ्या मनात यायचं, की ‘होस्टिंग’ला मराठीत काय म्हणावं? त्यांना विचारायचं धाडस नाही केलं. पण मराठीत शब्द आहेच: यजमानपण. आणि तो इंग्रजी शब्दापेक्षा खरा आहे. यजमान म्हणजे पूजेच्या पाटावर बसलेला, ज्याच्या नावाने संकल्प सोडतात तो. यजमान म्हणजे घरधनी, आणि जुन्या बायकांच्या तोंडी यजमान म्हणजे नवरा. या तिन्ही अर्थांत यजमान बसलेला असतो आणि काम आतल्या खोलीत कोणीतरी दुसरं करत असतं. माळ्यावरचं यजमानपण मी हौसेने घेतलं, तेव्हा पाट दिसला होता, आतली खोली दिसली नव्हती.

कारण तोवर घरातला संगणक हा माझा खेळ होता. मोडला तर मोडला. पण आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर फोटो उघडायला लागली, मुलीने परीक्षेच्या टिपा त्यात ठेवल्या, यांनी गॅसच्या नंबरापासून विम्याच्या कागदांपर्यंत सगळं त्यात टाकलं, आणि मी न विचारता त्या सगळ्यांची इन्क्वायरी झाले. “नेट गेलंय का तुझं गेलंय?” हा प्रश्न घरात रूढ झाला. तुझं! गूगल बंद पडलं की लोक वैतागतात आणि चहा करतात. माझं बंद पडलं की माझ्याकडे बघतात. रात्री अकराला दमून आल्यावर सुधारणा चढवायची, ती चढताना बिघडली तर दोनपर्यंत बसायचं, कारण सकाळी साडेसहाला आई उघडणार. चार वर्षांत एकाही सुटीत मी पूर्ण सुटीवर नव्हते. पैसे भरून ढगात जागा घेणारे मूर्ख नसतात. ते या आतल्या खोलीचा पगार देत असतात, हे मी आता मोकळेपणाने मान्य करते. तरी माझं माळ्यावर आहे. का, ते नीट सांगता येत नाही. घरचं दही विकतच्यापेक्षा स्वस्त पडतं असं कोणी म्हणत नाही, तरी विरजण लावतात.

प्रतीचं तेवढं सांगते. ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावात नाही, ते आपल्याकडे नाही असंच समजावं. पहिल्या वेळी तीनशे जीबी तारेवरून मिरजेला पाठवायचा प्रयत्न मी केला. तिकडच्या जोडणीने दुसऱ्याच दिवशी महिन्याची मर्यादा गाठली. मग एक कूटबद्ध डिस्क घेतली, मोज्यात घातली, आणि दादा दिल्लीला आला होता त्याच्या बॅगेत ठेवली. गोवा एक्सप्रेस निझामुद्दीनहून दुपारी सुटते, दुसऱ्या दिवशी रात्री मिरज. इतका वेग मला कुठल्याच कंपनीने दिला नाही. आता वर्षातून दोनदा डिस्क जाते आणि जुनी परत येते, बहुधा चितळ्यांच्या बाकरवडीच्या पिशवीतून.

या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सगळ्यांत छोटं आहे, एकाच पानाचं. आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो कागद आहे: ‘मी नसताना’. यंत्र कोणतं, चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, पासवर्ड कुठे आहेत, भाड्याच्या सर्व्हरचे पैसे कधी जातात, क्वार्टर सोडताना काय काढून न्यायचं, आणि काहीच जमलं नाही तर दादाकडची डिस्क कशी उघडायची. तो मी चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी यांना वाचायला देऊन, मी स्वयंपाकघरात बसून, त्यांना एकट्याने करायला लावलं. पहिल्या तीन वेळा अडलं. चौथ्या वेळी सगळं व्यवस्थित सुरू झालं, आणि ते कागद हातात घेऊन आत आले. म्हणाले, “बाकी ठीक आहे. पण ‘मधला प्लग काढू नये’ असं लिहिलंयस, तर कुठल्या बाजूने मधला ते लिही. एका टोकाला चौथं भोक रिकामं आहे.”